तांदूळ निवडले, भात झाला

इंग्रजीच्या तासाला फळ्यावर दोन रकाने पडतात. एकात ॲपल, एग, बनाना. दुसऱ्यात राइस, शुगर, मिल्क. मोजता येतं ते पहिल्यात, येत नाही ते दुसऱ्यात, एवढाच नियम. मागच्या बाकावरची एखादी पोर विचारते, ‘तांदळाचे दाणे तर मोजता येतात की!’ ‘कोण मोजत बसतं?’ असं म्हणून तास पुढे सरकतो.

राजमा तरी कोण मोजत बसतं? पण इंग्रजीत बीन्स अनेकवचनी. व्हीट एकवचनी, ओट्स मात्र कायम अनेकवचनी. नूडल्स अनेक आणि स्पॅगेटी एक. इटालियनमध्ये तर स्पॅगेटी हा शब्दच अनेकवचनी आहे.

वाटाण्याने तर कमालच केली. पूर्वीच्या इंग्रजीत ‘पीज’ हा एकवचनी शब्द होता. शेवटच्या ‘ज’मुळे लोकांना तो अनेकवचनी वाटला आणि सतराव्या शतकाच्या सुमारास त्यातून ‘पी’ हा एकटा दाणा सोलून निघाला. चूक रुळली, तिचं व्याकरण झालं.

हे सगळं निव्वळ लहरीपणाचं नाही, असं भाषाअभ्यासक ॲना विएझबित्स्का यांनी १९८५ साली ओट्स आणि गव्हावरच लेख लिहून मांडलं. दाणा केवढा, माणसं तो एकेक हाताळतात की मूठभर, यावर भाषा आपलं माप ठरवते. बरंचसं पटतं. पण त्या मापाला मराठी तीळ-मोहरी जुमानत नाहीत: दाणे जवळपास सारखेच बारीक, तरी तीळ भाजले जातात आणि मोहरी तडतडते.

मराठी स्वयंपाकघरात असे दाखले पावलोपावली आहेत. पोहे झाले, पण उपमा झाला. तांदूळ निवडले, धुतले, शिजवले की त्यांचा भात होतो. निवडली ती मेथी, फोडणीत टाकल्या त्या मेथ्या. रोज दुकानातून ‘दोन पाव’ आणणारा मुलगा वहीत ‘टू ब्रेड्स’ लिहितो, तेव्हा त्याचं डोकं नीटच चाललेलं असतं; फक्त ते मराठीत चाललेलं असतं. त्या वाक्याखाली लाल रेघ मारून भागत नाही.

शिवाय रकाने पक्के नसतातच. अंगणात फिरते ती ‘अ चिकन’, ताटात आली की नुसतं ‘चिकन’. हॉटेलात ‘टू कॉफीज’ मागितल्या तर कुणी इंग्रज वेटर भुवई उंचावत नाही.

शिक्षकांनी फळ्यावर तिसरा रकाना आखावा आणि तोच शब्द घरी कसा बोलतात, ते मुलांनाच त्यात लिहू द्यावं. सुरुवात पोह्यांपासून करावी.