फवारणीच्या कंत्राटावर सही करण्याआधी

मंडळी, एप्रिल आला की इथे न्यू जर्सीतल्या एडिसनला घरोघरी दाराच्या कडीला पत्रकं लटकू लागतात. लॉन हिरवंगार, डास हद्दपार, आत्ता सही केलीत तर पहिली फवारणी फुकट. माझी कळकळीची विनंती आहे, या वर्षी ती सही करू नका.

गेल्या जुलैत माझ्या अंगणातल्या मिल्कवीडच्या पानांमागे मोनार्क फुलपाखरानं अंडी घातली. राजगिऱ्याच्या दाण्याएवढं, दुधाळ, उभ्या रेघांचं एकेक अंडं. चार दिवसांनी अळ्या निघाल्या आणि बघता बघता काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, बोटाच्या पेराएवढ्या झाल्या. नऊ होत्या. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन मी त्या मोजायचे. एका शुक्रवारी कुंपणापलीकडे डासांची फवारणी झाली आणि तो धुक्यासारखा फवारा आमच्या झाडांवरही आला. शनिवारी सकाळी सात अळ्या मातीत वेटोळं होऊन पडल्या होत्या, तोंडातून हिरवं पाणी आलेलं. उरलेल्या दोन संध्याकाळपर्यंत गेल्या. शेजाऱ्यांना मी बोल लावत नाही. नातवंडांना डास चावू नयेत म्हणून त्यांनी ते करून घेतलं, आणि यानं फक्त डास मरतात असं त्यांना सांगितलं होतं. पण या पायरेथ्रॉइड औषधांना डास कोण, अळी कोण, मधमाशी कोण, काही कळत नाही. डास पाण्यात वाढतात. कुंड्यांखालच्या ताटल्या, पन्हाळी रिकाम्या करा. जिथे पाणी काढता येत नाही तिथे डासांच्या अळ्या मारणारी बीटीआयची गोळी टाका, ती फुलपाखरांना बाधत नाही.

सप्टेंबरात आपल्याकडे जन्मलेली मोनार्क केप मेवरून दक्षिणेला निघतात आणि मेक्सिकोच्या डोंगरातल्या ओयामेल वृक्षांवर हिवाळा काढतात. त्यांनी व्यापलेल्या जंगलावरून त्यांची संख्या अजमावतात. 1996-97च्या हिवाळ्यात ते सुमारे 18 हेक्टर होतं, 2023-24मध्ये अवघं 0.9. पुढच्या वर्षी ते 1.79वर आलं, पण ही जात टिकायची तर निदान सहा हेक्टर हवं असं शास्त्रज्ञ सांगतात.

मोनार्कची अळी मिल्कवीडशिवाय दुसरं काही खात नाही. मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईची बहीण, पान तोडलं की तसाच पांढरा चीक. दर शनिवारी मारुतीला रुईची माळ घालणाऱ्या आयांची आपण मुलं, आपल्याला हे झाड तण कसं वाटावं? इथे मात्र ते तण म्हणूनच कापलं जातं, आणि मध्य-पश्चिमेकडच्या मका-सोयाबीनच्या शेतांतून तर तणनाशकानं जवळपास पुसलं गेलं आहे. म्हणून आता अंगणं हवीत. ओलसर जागेत स्वँप मिल्कवीड, कोरड्या उन्हात बटरफ्लाय वीड. नर्सरीत आपल्या ओळखीचं लाल-पिवळं हळदीकुंकूही मिळतं, ते घेऊ नका. दक्षिणेतल्या उबदार राज्यांत ते हिवाळ्यात मरत नाही आणि त्यावर मोनार्कचा एक परजीवी साठत जातो. इथलं, इथल्या मातीतलं झाडच लावा. रोपाला निऑनिक कीटकनाशक दिलेलं नाही ना, हेही विचारून घ्या.

फवारणीचा फटका एकट्या मोनार्कलाच बसत नाही. दरवर्षी कुणी ना कुणी तक्रार करतं की दुधीला फुलं येतात, पण दुधी धरत नाही. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, पतंगांची वाट पाहत. मागच्या अंगणातला दिवा रात्रभर जळत असेल आणि आठवड्याआड फवारणी होत असेल, तर पतंग येणार कुठून? मग आपण ब्रश घेऊन एकेका फुलाला पराग लावत बसतो. शेपूवर हिरव्या-काळ्या पट्ट्यांची अळी दिसली तर चिमटीत धरून टाकू नका. ती ब्लॅक स्वॉलोटेल, न्यू जर्सीचं राज्य-फुलपाखरू. दोन जुड्या तिच्या नावानं सोडा.

टाउनहाउसवाल्यांनो, तुमच्याकडे अंगण नसलं तरी पॅटिओवर मोठी कुंडी मावते. आणि असोसिएशनच्या बैठकीत फवारणीचं कंत्राट मंजूर होतं तेव्हा आपल्यातलं कुणीच तिथे नसतं. या महिन्यात जा, चौघं मिळून जा, हात वर करून विचारा की काय फवारणार आणि कशासाठी.

मिल्कवीडच्या बियांना उगवायला आधी थंडी लागते. माझ्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्याशेजारी ओल्या टॉवेलात गुंडाळलेल्या बिया आहेत, त्यांना महिना होऊन गेला. मे संपता संपता मोनार्क इथे पोचतील. येत्या रविवारी देवळातल्या महाप्रसादानंतर चपलांच्या मांडणीजवळ मी पुड्या घेऊन उभी असेन.