ताट वाढणारीचें ताट

घरच्या जेवणाच्या आठवणी हा विषय असा आहे कीं, त्यावर लिहावयास कोणासही सांगितलें तरी तो नाहीं म्हणत नाहीं. ज्यास निबंधाच्या चार ओळी जुळवितांना घाम फुटतो, तो मुलगाही आजीच्या हातच्या पुरणपोळीवर दोन पानें सहज भरतो. आमच्या नववीच्या वर्गांत या वर्षीं हाच विषय दिला होता. निबंध चांगले उतरले. चुलीजवळची ऊब, तव्यावरून थेट ताटांत पडणारी भाकरी, तिजवर लोण्याचा गोळा, वडिलांनीं सांगितलेली गोष्ट, धाकट्या भावानें सांडलेलें ताक, असें कितीतरी त्यांत होतें. मात्र एक गोष्ट मला बहुतेक निबंधांत आढळली नाहीं. आई सर्वत्र आहे. ती थापते, भाजते, वाढते, "आणखी अर्धी घे" म्हणून आग्रह करते. पण ती स्वतः जेवतांना कोणीं पाहिलेली दिसत नाहीं. वह्या परत देतांना मीं वर्गास विचारिलें, "काल रात्रीं आई केव्हां जेवली, व तिच्या ताटांत काय होतें?" ३९ मुलांपैकीं उत्तर देणारीं तीन निघालीं, तिन्ही मुली.

माझें मत येथेंच सांगून टाकतें. ज्यांस आपण कुटुंबाच्या आठवणी म्हणतों, त्या पुष्कळदां बसून जेवणाऱ्यांच्या आठवणी असतात. जी उभी असते तिच्या वांट्यास गोष्टीचा आरंभ येतो, शेवट येत नाहीं. हंसण्याचा आवाज स्वयंपाकघरांत पोंचतो, हंसण्याचें कारण पोंचत नाहीं. आणि तिला स्वतःला कांहीं सांगावयाचें असेल, तर तें ऐकावयास त्या वेळीं कोणी उरलेलें नसतें. ती पान घेते तेव्हां मुलें बाहेरच्या खोलींत गेलेलीं असतात. हल्लीं तर ज्याच्या त्याच्या हातांत मोबाईल असतो. अशा रीतीनें एकाच घरांत, एकाच अन्नावर, दोन निरनिराळीं जेवणें होतात, व दुसऱ्या जेवणाचा इतिहास कोणी लिहीत नाहीं.

यांत कोणाचा दुष्टपणा असतो असें मी म्हणत नाहीं. आमच्या बाजूच्या अन्नाची घडणच अशी आहे कीं, ती एका माणसास चुलीपाशीं अडकवून ठेवते. ज्वारीच्या पिठास गव्हाच्या पिठासारखा चिकटपणा नाहीं. म्हणून तें ऊन पाण्यांत मळावें लागतें, आणि तेंही एक-दोन भाकऱ्यांपुरतेंच, कारण मळलेलें पीठ फार वेळ राहिलें तर भाकरीस चिरा पडतात. परातींत ती हातानें थापावयाची, तव्यावर टाकून वरच्या अंगास पाण्याचा हात फिरवावयाचा, पाणी सुकतांच उलटावयाची, आणि मग विस्तवाच्या धगीवर फुगवावयाची. पापुद्रा सुटलेली ती भाकरी ऊन असतांना जशी लागते, तशी गार झाल्यावर लागत नाहीं, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. एक भाकरी भाजण्यास जो वेळ लागतो, तेवढ्यांत खाणारा मागची संपवितो. पांच माणसें जेवावयास बसलीं म्हणजे करणारीनें बसावें केव्हां? जिला आपण रुचि म्हणतों तिची किंमत कोणी तरी मोजीत असतें. ती नेहमीं एकाच व्यक्तीनें कां द्यावी, एवढाच माझा प्रश्न आहे. पोळी करणाऱ्या घरांत तर ही सबबही नाहीं. पोळ्यांची चवड आधीं करून ठेवतां येते. तरीही तेथें गृहिणी मागाहूनच जेवते. यावरून अडचण पिठाची थोडी व वहिवाटीची अधिक, असें दिसून येईल.

पूर्वीच्या स्त्रियांस पंगतींत जागा नव्हती, तरी बोलावयास एक जागा होती, ती म्हणजे जातें. पहांटे, घरांतील पुरुष व मुलें झोंपेंत असतांना, सासू-सुना किंवा जावा-जावा समोरासमोर बसून एकच खुंटा दोघी मिळून धरीत, आणि दळतां दळतां ओव्या म्हणत. माहेर, भाऊ, आईचा जिव्हाळा, सासरचा जाच, सीतेचा वनवास, पंढरीची वाट, हे त्यांचे विषय. दिवसां जें तोंडावाटे काढण्याची सोय नव्हती, तें जात्याच्या घरघरींत बोलतां येत असे. गी पॉइटवां व हेमा राईरकर यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत महाराष्ट्रांतील एक हजाराहून अधिक गांवांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेविल्या. एवढें वाङ्मय अन्नाच्या पहिल्या पायरीवर, म्हणजे दळतांना, निर्माण झालें. आणि त्याच अन्नाच्या शेवटच्या पायरीवर, म्हणजे जेवतांना, त्याच स्त्रिया गप्प असत. याहून चमत्कारिक मला कांहीं वाटत नाहीं.

खानदेशांतील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचें नांव तुम्हां मुलांस माहीत आहे. त्यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. घरांतील व शेतांतील कामें करतां करतां त्या गाणीं रचीत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव, जे स्वतः कवि होते, व घरचे एक नातलग यांनीं तीं उतरून घेतलीं, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ सालीं पुस्तक निघूं शकलें. पुस्तकाचें कौतुक सर्वच करतात. मला त्याबरोबर त्या ऐकणाऱ्या कानांचेंही कौतुक वाटतें. आई काम करतां करतां कांहीं गुणगुणत आहे, आणि तें ऐकण्याजोगें आहे, असें वाटणारा मुलगा दर घरीं कां नसावा?

मग गिरणी आली. दळण तिकडे गेलें, बायकांच्या हातांचे फोड गेले, हें फार चांगलें झालें. जातें गेल्याबद्दल हळहळणारे बहुधा तेच असतात, ज्यांनीं तें कधीं ओढलें नाहीं. परंतु जात्याबरोबर ती बोलण्याची जागाही गेली, व तिच्या मोबदल्यांत ताटावरची जागा कांहीं मिळाली नाहीं.

ही केवळ भावनेची गोष्ट आहे असें ज्यांस वाटेल, त्यांच्यासाठीं एक आंकडा देतें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षें वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ रक्तक्षयानें ग्रासलेल्या आढळल्या. त्याच वयाच्या पुरुषांत हें प्रमाण शेंकडा २५ होतें. याचीं कारणें अनेक आहेत. मासिक धर्म, बाळंतपणें, आहारांतील लोहाची उणीव हीं तर आहेतच. शेवटीं बसणें हेंच एक कारण, असें कोणीही शहाणा म्हणणार नाहीं. तरी जी शेवटीं बसते तिच्या वांट्यास डाळीचें पाणी व पातेल्याच्या बुडाची भाजी येते, हें समजावयास पाहणीची जरुरी नाहीं. भाजी पुरली नाहीं म्हणजे "मला आज भूकच नव्हती" हें वाक्य किती घरांत बोललें जातें! मुलांस तें खरें वाटतें.

पालकांपुढें हा विषय काढला तेव्हां पहिला विरोध मातांकडूनच आला. "सर्वांचें झाल्याशिवाय माझ्या घशाखालीं घांस उतरत नाहीं," असें एक माउली म्हणाल्या. त्यांच्या मायेचा मी मान राखतें. परंतु मुलांस त्या मायेपासून मिळणारें शिक्षण असें कीं, प्रेम करणारी व्यक्ति उपाशी राहते व प्रेम घेणारी ढेकर देते. मुलगा हें शिकून नवरा होतो, मुलगी हें शिकून सून होते. एका वडिलांनीं निराळीच शंका काढली: सगळींच बसलीं तर वाढील कोण? वाढणें ही कांहीं गूढ विद्या नव्हे. भाकऱ्या आधीं भाजून, फडक्यांत गुंडाळून दुरडींत ठेवाव्या, म्हणजे जेवण होईपर्यंत मऊ राहतात. कालवणाचें पातेलें मध्यें असावें. ज्यास मीठ हवें त्यानें उठून आणावें. नववीच्या मुलास पळीभर आमटी न सांडतां वाढतां येत नसेल, तर बीजगणिताआधीं त्यानें तें शिकावें. आणि ज्यांस ऊन भाकरीवांचून चालतच नाहीं, त्यांनीं आळीपाळीनें तव्यापाशीं बसावें. पहिली भाकरी कोणाचीही नकाशासारखीच होते.

एकत्र बसण्याची गोडी आपणांस ठाऊक नाहीं असें थोडेंच आहे! दिवाळी किंवा नाताळ आला म्हणजे करंज्या भरावयास सारें घर गोल करून बसतें. कोणी पाऱ्या लाटतो, कोणी सारण भरतो, लहान मूल कातण्यानें कडा कापतें व उरलेल्या कातरणाची चिमणी करून तळावयास देतें. त्या रात्रींच्या गोष्टी मुलांस सर्वांत अधिक आठवतात, कारण तेथें करणारे व खाणारे असे दोन तट नसतात. वर्षांतून चार दिवस जें जमतें, तें रोज रात्रीं एका जेवणापुरतें जमावें, एवढेंच मागणें आहे.

आमच्या शेजारच्या एका घरीं हा प्रयोग गेल्या उन्हाळ्यांत सुरू झाला. तेथील आजीबाई सत्तरीच्या पुढच्या. पहिले आठ दिवस त्या ताटापुढें अवघडून बसत व दर घांसाला उठूं पाहत. मग एके रात्रीं नातवानें भाकरी जाड झाली म्हणून तोंड वाकडें केलें, तेव्हां त्या १९७२ च्या दुष्काळाचें बोलूं लागल्या. त्या वर्षीं दुष्काळी कामावर त्यांनीं खडी फोडली होती. परदेशाहून आलेल्या मिलो नांवाच्या तांबड्या ज्वारीची भाकरी घरांत होत असे, ती कशी लागे. कामावर मिळणारी सुकडी पदराच्या गांठीस बांधून त्या धाकट्या भावासाठीं कशी आणीत. भाऊ वाटेवर येऊन कसा उभा राहत असे. हें सारें त्यांनीं सांगितलें. त्यांच्या चिरंजिवांचें वय आज पन्नाशीकडे झुकलें आहे. इतकीं वर्षें ते आईच्या हातचें जेवले. पण यांतलें अक्षरही त्यांस ठाऊक नव्हतें.

आतां आजीबाईंस रोज विचारणा होते कीं, मग पुढें काय झालें? त्यांची तक्रार एवढीच कीं, सांगण्याच्या नादांत आपली भाकरी गार होते. तेव्हां नातू उठतो, ती तव्यावर टाकतो, आणि ऊन करून त्यांच्या ताटांत आणून वाढतो.