जनरल रजिस्टर उघडा

पनवेल-रोहा मार्गावर नागोठणं सुटलं की निडी. या पट्ट्यात पूर्वी पुढचं शिकायचं म्हणजे घर सोडायचं. पेण तालुक्यातल्या गागोद्यात 1895 साली जन्मलेले विनोबा शिकले ते बडोद्याला. रोह्याचे चिंतामणराव देशमुख 1912 साली मॅट्रिकला पहिले आले ते मुंबईतून. मग गावाच्या हाकेवर हायस्कूल आलं आणि शेतावरून परतलेली पोरंही आठवीत बसू लागली. पेण-रोह्याकडच्या माध्यमिक शाळांचं खरं मोठेपण हे आहे. बोर्डात आलेला एखादा नंबर ही नंतरची गोष्ट.

पण या शाळांचा इतिहास विचारा, की स्थापनेचं साल आणि देणगीदारांची पाटी दाखवतात. खरा इतिहास मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात असतो. त्याचं नाव जनरल रजिस्टर. नाव, जात, जन्मगाव, आधीची शाळा, शाळा सोडल्याचं कारण, सगळं एका ओळीत. 'वर्तणूक' या रकान्यात बहुतेकांना 'चांगली' मिळते, ती मात्र कोणी फार मनावर घेऊ नये. जन्मतारखांत एक जून इतक्यांदा दिसतो, की सगळं गाव एकाच दिवशी जन्मलं असं वाटावं; घरी तारीख ठाऊक नसली की गुरुजी ती घालून देत. 1975 साली दहावीची पहिली परीक्षा होईपर्यंत मॅट्रिक अकरावीला होती, तोही बदल या पानांत उमटलेला आहे. सोडल्याच्या कारणांचा रकाना नीट वाचला, तर मुली कोणत्या इयत्तेत थांबल्या, घरं कुठे उठून गेली, हे कोणत्याही अहवालापेक्षा स्वच्छ कळेल.

हा कागद नुसता आठवणींचाही नाही. जात पडताळणीला ओबीसींकडून 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात, भटक्या-विमुक्तांकडून 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा. आजोबांच्या दाखल्यासाठी नातू शाळेच्या दारात उभा राहतो तो म्हणूनच.

आणि आपण हे ठेवतो कसं? बऱ्याच ठिकाणी खालच्या फळीवर, कोकणातल्या पावसाळी ओलीत, वाळवीच्या वाटेवर. जुलै 1989 च्या पुरात अंबा नदीने जांभूळपाड्याचं काय केलं ते हा टापू विसरलेला नाही. विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदीची सरकारी 'सरल' प्रणाली 2015 साली आली, पण तिच्यात नोंद झाली ती तेव्हा शिकत असलेल्या मुलांची. त्यांचे आजोबा वहीतच राहिले.

माजी विद्यार्थ्यांचे मेळावे आता गावोगाव भरतात. कमान, साऊंड सिस्टीम, सत्कार, शाली. यंदा एका बॅचने कमानीचा खर्च वाचवून, शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या परवानगीने जुनी रजिस्टरं स्कॅन करून द्यावीत. एक प्रत शाळेत ठेवा, एक संस्थेच्या कार्यालयात. जाती-जन्माची माहिती आहे, तेव्हा व्हॉट्सॲपवर मात्र टाकू नका. आणि मुख्याध्यापकांनो, तोवर निदान खालच्या फळीवरचं रजिस्टर वरच्या फळीवर ठेवा.