भाईचं मन फार मोठं

आपल्याकडे नटाला शिक्षा झाली की लोकांना पहिल्यांदा आठवतं ते त्याचं मन. त्याने काय केलं, कुणाला लागलं, कोण मेलं, हे नंतर. बहुतेक वेळा कधीच नाही. आधी मन. ते फार मोठं असतं, गरिबांसाठी कळवळतं, आईच्या शब्दाबाहेर जात नाही. अहो, असेल ना! पण मनाच्या आकारमानावर शिक्षा कमी-जास्त करणारं कलम दंडसंहितेत नाही आणि नसायलाच हवं.

६ मे २०१५ घ्या. मुंबईच्या सत्र न्यायालयाने सलमान खानला सदोष मनुष्यवधाबद्दल पाच वर्षांची शिक्षा सुनावली. २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे वांद्र्यात त्याची लँड क्रूझर फुटपाथवर झोपलेल्या माणसांवर चढली होती. एक जण मेला, चौघे जखमी झाले. निकाल यायला साडेबारा वर्षं लागली. (पुढे उच्च न्यायालयाने त्याला सोडलं. तिकडे येतेच, मला तेही सोडायचं नाही.) त्या दिवशी चित्रसृष्टीतल्या थोरामोठ्यांची अक्कल जी काय पाझरली, ती जपून ठेवण्यासारखी होती. गायक अभिजीत भट्टाचार्य यांनी जाहीर करून टाकलं की, कुत्रा रस्त्यावर झोपला तर कुत्र्याच्या मौतीने मरणार, रस्ता काही गरिबाच्या बापाचा नाही. दागिने घडवणाऱ्या एका बाईंनी रेल्वेचा दाखला काढला. रूळ ओलांडणारा गाडीखाली आला तर मोटरमनला शिक्षा करता का? दोष घरं न देणाऱ्या सरकारचा!

फुटपाथ म्हणजे रूळ? मोटरमन कधी गाडी रुळावरून उतरवून प्लॅटफॉर्मवरच्या बाकापर्यंत आणतो का? फुटपाथ हा माणसांसाठी असतो, गाडीने तिथे चढायचंच नसतं, हे लायसन्स काढायला आलेल्या अठरा वर्षांच्या पोरालाही परीक्षेत सांगावं लागतं. आणि रस्ता गरिबाच्या बापाचा नसेल तर तो श्रीमंताच्याही तीर्थरूपांनी बांधलेला नाही. महापालिकेने बांधलाय, सगळ्यांच्या पैशातून.

आणि तिथे झोपलेले कोण होते? भिकारी नव्हेत, गर्दुल्ले नव्हेत. बेकरीत राबणारी माणसं होती. मुंबईत हातात काम असूनही डोक्यावर छप्पर नसणं ही काही अजब गोष्ट नाही. ती या शहराची जुनी रीत आहे. रात्री दुकानांची शटरं पडली की ओट्यावर पुठ्ठा अंथरला जातो, त्यावर चादर. चपला उशाखाली, कारण सकाळी त्या जागेवर असतीलच याची खात्री नाही. पगारातला मोठा हिस्सा गावी जातो. खोलीचं भाडं भरलं तर गावी काय पाठवणार? म्हणून ओटा. तुम्ही सकाळी चहात बुडवता तो पाव अशा माणसाच्या हातचा असतो. त्याने कुठे झोपावं हे त्याला शिकवण्याचा अधिकार कुणाला आहे? गाण्यांच्या मानधनावर फ्लॅट घेतलेल्यांना?

निकालाच्या त्या आठवड्यात आमच्या सोसायटीतले एक काका मला लिफ्टपाशी भेटले. निवृत्त, सुशिक्षित, रोजचा पेपर अग्रलेखासकट वाचणारे. म्हणाले, “अगं, किती पोरांच्या हृदयाची ऑपरेशनं केलीत त्याने! अशा माणसाला तुरुंगात टाकायचं?”

म्हटलं, “काका, उद्या तुमच्या नातवाला गाडीने उडवलं आणि गाडीवाला दर महिन्याला अनाथाश्रमात धान्य पाठवणारा निघाला, तर सोडून द्याल?”

“काहीतरीच काय बोलतेस!”

“का? तुमचा नातू फुटपाथवर झोपत नाही म्हणून?”

काका जिन्याने गेले.

त्यांना मी उगाच टोचलं नव्हतं. सलमानची ‘बीइंग ह्यूमन’ ही संस्था २००७ मध्ये, त्या अपघातानंतर, निघाली. तिने ज्यांना मदत केली त्यांचं भलंच झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एकाचं देणं असताना दुसऱ्याला दान देऊन ते देणं फिटत नाही. हा हिशोब वाण्याच्या वहीतसुद्धा चालत नाही, तो न्यायाच्या दरबारात चालावा असा हट्ट शिकलीसवरलेली माणसं धरतात, याचा मला संताप येतो.

मन मोठं असल्याचा दाखला नसेल तर भूमिकेचा दाखला चालतो. मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल संजय दत्तला दोषी ठरवणारा निकाल कायम ठेवून पाच वर्षांची शिक्षा दिली. १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यातली. लगेच त्याला माफी द्या म्हणून चळवळ उभी राहिली आणि तिच्या अग्रभागी कोण, तर सर्वोच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू. त्यांनी दिलेल्या कारणांत एक कारण असं होतं की, संजय दत्तने आपल्या चित्रपटातून महात्मा गांधींची स्मृती पुन्हा जागवली! म्हणजे पटकथा दुसऱ्याने लिहिली, दिग्दर्शन राजकुमार हिरानींचं, गांधीजी तर गांधीजींचेच. आणि शिक्षेत सूट मात्र संवाद म्हणणाऱ्याला. या न्यायाने पडद्यावर इन्स्पेक्टर झालेल्या प्रत्येक नटाला पोलीस खात्याचं पेन्शन द्यायला लागेल. ज्या गांधींनी शिक्षा मागून घेतली, न्यायाधीशाला जास्तीत जास्त शिक्षा द्या म्हणून सांगितलं, त्यांच्या नावाने सुटका मागायची? लाज वाटायला हवी होती.

त्याच खटल्यात शस्त्रं घरात ठेवल्याबद्दल सत्तरी गाठलेल्या एका बाईलाही शिक्षा झाली होती. काटजूंनी तिच्यासाठीही अर्ज केला, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. पण तिच्यासाठी रडणारे तारे कुठे होते? ती कुठल्या चित्रपटात गांधीगिरी करत नव्हती ना! आणि या सगळ्या गदारोळात शहाणपणाचा शब्द बोलला तो खुद्द संजय दत्तच. त्याने सांगितलं, मी माफी मागणार नाही, शरण जाणार. तो गेला आणि येरवड्यातून फेब्रुवारी २०१६ मध्ये बाहेर आला. चाहत्यांना मात्र गुन्हेगाराइतकीही कायद्याची बूज नव्हती. मग २०१८ मध्ये ‘संजू’ आला. दिग्दर्शक पुन्हा हिरानीच. त्यात सगळ्यात मोठा खलनायक ठरली ती वर्तमानपत्रं, आणि लोकांनी तीनशे कोटींच्या वर पैसे मोजून त्यावर शिक्का मारला.

आता कुणी म्हणेल, आपण ताऱ्यांना जाब विचारतच नाही असं कुठे आहे? विचारतो ना! फार तत्परतेने विचारतो, फक्त प्रकरण किरकोळ असायला हवं. मे २०१२ मध्ये वानखेडेवर शाहरुख खानची सुरक्षारक्षकाशी आणि अधिकाऱ्यांशी बाचाबाची झाली. मुंबई क्रिकेट असोसिएशनने दोन दिवसांत पाच वर्षांची प्रवेशबंदी ठोकली. दोन दिवसांत! जानेवारी २०१९ मध्ये हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल टीव्हीवरच्या एका गप्पांच्या कार्यक्रमात दिसले, तिथे हार्दिक बायकांबद्दल घाणेरडं बरळला, आणि दोघांना ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावरून परत बोलावलं. ते बरंच झालं. पुढे क्रिकेट मंडळाच्या लोकपालांनी प्रत्येकी वीस लाखांचा दंड केला. दहा लाख निमलष्करी दलांतल्या शहीद शिपायांच्या विधवांना, दहा लाख अंधांच्या क्रिकेटला. अपमान कुणाचा, भरपाई कुणाला! ज्या बायकांबद्दल तो बोलला त्यांचा या हिशोबात पत्ताच नाही. शहिदांचं नाव पुढे केलं की कुणी प्रश्न विचारत नाही, एवढीच त्यामागची हुशारी.

बघा म्हणजे. शिवीगाळीला दोन दिवस, वाह्यात बोलण्याला काही महिने आणि माणूस मेला तर साडेबारा वर्षं. गुन्हा जितका हलका तितकी आपली नीतिमत्ता चपळ. कारण भांडणाचा व्हिडिओ असतो. तो बघायचा, चार जणांना पाठवायचा, संस्कृतीच्या नावाने गळा काढायचा आणि जेवायला बसायचं. त्यात आपलं काही जात नाही. फुटपाथवरच्या मढ्याचा जाब विचारायचा तर पुढच्या ईदचं तिकीट सोडावं लागतं. २०१५ च्या मे महिन्यात शिक्षा झाली आणि जुलैत ‘बजरंगी भाईजान’ त्या वर्षीच्या सगळ्यात मोठ्या गल्ल्यांपैकी एक घेऊन बसला.

लोक संतापत नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका बिल्डरच्या अल्पवयीन मुलाच्या पोर्शेने दोघांचा जीव घेतला आणि बाल न्याय मंडळाने त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन दिला, तेव्हा सगळा महाराष्ट्र पेटून उठला. ससूनमध्ये रक्ताचे नमुने बदलल्याचं प्रकरण निघालं, डॉक्टर गजाआड गेले. हे घडलं कारण लोकांनी पिच्छा सोडला नाही. शाबास! पण खरं सांगा, गेलेले दोघं संगणक अभियंते होते म्हणून ना? त्यांच्यात प्रत्येकाला आपला मुलगा दिसला, आपली मुलगी दिसली. वांद्र्याच्या ओट्यावर आपल्याला आपलं कुणी दिसलं नाही. तिथे पोर्शेवाल्याचा कान धरणारी माणसं लँड क्रूझरवाल्यासाठी नवस बोलत होती.

राजस्थानातल्या बिष्णोईंचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर १९९८ मध्ये जोधपूरजवळ कांकाणीला काळवीट मारले गेले. बिष्णोईंनी तक्रार केली, साक्षीदार उभे केले आणि वीस वर्षं तारखेला हजर राहिले. पुढचा नट किती मोठा, त्याच्यावर कितीशे कोटी लागलेत, याची त्यांनी फिकीर केली नाही. ५ एप्रिल २०१८ ला जोधपूरच्या न्यायालयाने सलमानला पाच वर्षांची शिक्षा दिली. दोन रात्री तुरुंगात काढून तो जामिनावर सुटला, ते अपिलाचं राजकारण वेगळं. मुद्दा हा की काळविटाच्या मागे एक अख्खा समाज उभा होता. बेकरी कामगाराच्या मागे मुंबई शहर उभं राहिलं नाही.

आता सुटकेकडे येते. १० डिसेंबर २०१५ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं. गाडी तोच चालवत होता आणि तो प्यायलेला होता, हे सरकार पक्षाला संशयापलीकडे सिद्ध करता आलं नाही, असं न्यायालयाने म्हटलं. निकाल हा निकाल आहे. त्याला मी गुन्हेगार म्हणत नाही. मी बोलतेय ते चाहत्यांशी. मे महिन्यात तुम्ही म्हणालात, न्यायव्यवस्था सडली, मोठ्या माणसाला बळीचा बकरा केलं. डिसेंबरमध्ये म्हणालात, न्यायदेवतेवर आमचा पहिल्यापासून विश्वास होता. २०१८ मध्ये जोधपूरचा निकाल आला आणि देवता पुन्हा आंधळी झाली. हा विश्वास आहे की हवापाण्याप्रमाणे बदलणारं दुखणं? शिक्षा झाली त्या दुपारीच उच्च न्यायालय गाठून संध्याकाळपर्यंत अंतरिम जामीन मिळाला, तेव्हा तुम्ही फटाके फोडलेत. या देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी आहेत, गुन्हा सिद्ध न होताच आत बसलेले. त्यांच्यापैकी कुणाला एका दुपारात उच्च न्यायालय गाठता येतं?

आणि तो पोलीस शिपाई, जो त्या रात्री अंगरक्षक म्हणून गाडीत होता, ज्याने फिर्याद दिली? त्याची नोकरी गेली. साक्षीला हजर राहिला नाही म्हणून त्यालाच तुरुंग दाखवला. २००७ मध्ये शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात तो मेला. पुढे उच्च न्यायालयाने त्याचा जबाब पूर्ण विश्वासार्ह मानला नाही. उलटतपासणीला तो उरलाच नव्हता. त्याचं मन मोठं होतं की नाही, याची कुणी चौकशी केली?

खटल्यात २०१५ मध्ये बचाव पक्षाने घरचा ड्रायव्हर उभा केला. तो म्हणाला, गाडी मी चालवत होतो. साडेबारा वर्षांनी म्हणाला. ठीक आहे, धरून चालू. मग त्या मृत्यूबद्दल त्याच्यावर खटला चालवा अशी मागणी एका तरी चाहत्याने केली का? भाई निर्दोष असेल तर दुसरा कुणीतरी दोषी असणार ना? माणूस काही झोपेत स्वतःहून चाकाखाली गेला नाही. या प्रश्नाचं उत्तर भाईच्या चाहत्यांना सगळ्यात आधी हवं असायला पाहिजे होतं. त्यांनी तो विचारलासुद्धा नाही.