अंतराचं सरळव्याज

आपल्या मध्यमवर्गाला लांबच्या गोष्टींचं भारी आकर्षण. शाळा लांबची चांगली, डॉक्टर लांबचा हुशार आणि जावई तर इतका लांबचा हवा, की विमानाशिवाय दिसूच नये! हा रोग आता पिस्तुलाच्या नेमबाजीलाही लागला आहे, म्हणून ही लेखणी उपसली. (उपसण्यासारखं आमच्याकडे दुसरं काही नाही.)

पुतणीला सोडायला मी दर रविवारी नेमबाजीच्या हॉलवर जातो. तिथं बाकावरच्या पालकांचा एकच धोशा : "आमचा १० मीटरवर किती दिवस राहणार? २५ वर कधी नेताय?" जणू पोरगं तिसरीत नापास होऊन बसलंय! लांबून मारायला शिकलं की जवळचं आपोआप येतं, हे त्यांचं तत्त्वज्ञान.

मी बी. कॉम. आहे, तेव्हा हिशेब मांडायचा अधिकार माझा. हात केसभर हलला आणि छर्रा ५ मीटरवर १ सेंटिमीटर चुकला, तर १० मीटरवर तो २ आणि २५ मीटरवर ५ सेंटिमीटर चुकणार. हे शुद्ध सरळव्याज! हाताची चूक हा व्याजाचा दर आणि अंतर ही मुदत. मुदत वाढवल्यानं दर उतरल्याचं मी तरी बँकेत पाहिलेलं नाही. अंतर चूक सुधारत नाही, नुसती फुगवून दाखवतं. शिवाय लांबून नवशिक्याचा छर्रा कागदालाच लागत नाही. मग चूक मनगटाची की बोटाची, हे कळणार कसं? व्हाउचरच सापडत नसेल, तर फरक शोधणार कुठं?

त्यातून नेम धरताना नजर हवी नळीच्या टोकावरच्या माशीवर. लक्ष्य अंधूक दिसलं तरी चालतं. कागद लांब गेला, की नवशिका माशी सोडून कागदाकडेच डोळे फाडून बघत बसतो.

आणि १० मीटर म्हणजे बालवर्ग, हे सांगितलं कुणी? एअर पिस्तुलाच्या १० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढं. २५ मीटरच्या प्रिसिजन फेरीत तेच ५० मिलिमीटरचं. त्रैराशिक मांडा : १० मीटरच्या हिशेबानं ते २० मिलिमीटर भरतं. म्हणजे जवळचाच वाणी तोलायला जास्त काटेकोर! २०२४ साली पॅरिसला मनू भाकरनं १० मीटरवरूनच ब्राँझ मिळवलं. आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते २५ मीटरमध्ये. पण तो प्रकार वेगळा, पिस्तूलही वेगळं. ती वरची इयत्ता नव्हे. ५० मीटरचं पिस्तूल तर २०१६ च्या रिओनंतर ऑलिंपिकमधून निवृत्तच झालं.

हॉलवरच्या बाईंनी एका मुलाचा कागद उलट ५ मीटरवर आणला, तोही कोरा, वर्तुळांशिवाय. "छर्रे आधी एका जागी पडू देत, जागा कुठली ते मागाहून बघू," असं त्यांचं म्हणणं. वडिलांना तो अपमान वाटला. सुट्टीत गावी नेऊन, मातीच्या बांधाला कागद लावून त्यांनी पोराला थेट २५ पावलांवर उभं केलं. महिन्याभरात पिस्तूल कपाटात गेलं, ते अजून तिथंच आहे. बारा वर्षांच्या मुलाला 'मला जमतच नाही' एवढं शिकवायला २५ पावलं पुरतात!

तेव्हा योग्य अंतर कुठलं? जिथून दहाही छर्रे चहाच्या बशीत मावतात, ते. आठवडाभर मावले, तर बशीऐवजी वाटी घ्या. वाटीतही मावले, तर एक पाऊल मागं सरा. बशी फुटली तर मुकाट्यानं पुन्हा पुढं या. त्यात खानदानाची अब्रू जात नाही.

आणि पालकांसाठी योग्य अंतर म्हणाल, तर हॉलच्या दारापासून निदान १०० मीटर. तिथं चहाची टपरी आहे. चहा बरा असतो.