अंतराळाला कायदा हवा

एप्रिल २०१५. रशियाच्या अतिपूर्वेकडील आमूर प्रांतात व्होस्तोच्नी या नव्या अंतराळतळाचं बांधकाम चालू होतं. तिथल्या कामगारांनी आपल्या बराकींच्या छपरांवर, आकाशातून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत, राष्ट्राध्यक्ष पुतिन यांच्याकडे दाद मागितली. चार महिन्यांचा पगार थकला आहे, आम्हाला काम करायचं आहे, असा त्याचा मथितार्थ होता. काहींनी उपोषणही केलं. देशाचा सर्वांत प्रतिष्ठेचा प्रकल्प, मंजुरी अब्जावधी रूबलची आणि प्रत्यक्ष राबणाऱ्याच्या हातात दमडी नाही. पैसा वाटेतच मुरला होता.

हा तळ उभारण्याचं कारण रास्त होतं. ज्या बैकोनूरहून १९६१ मध्ये युरी गागारिन अंतराळात झेपावला, ते सोव्हिएत संघ फुटल्यावर कझाकस्तानात राहिलं आणि रशियाला त्यासाठी वर्षाला साडेअकरा कोटी डॉलर भाडं मोजावं लागू लागलं. म्हणून तळ स्वतःच्या भूमीवर हवा होता. मात्र मूळ कंत्राटदार, त्याचा पोटकंत्राटदार, त्याचाही पोटकंत्राटदार अशा साखळीतून पैसा गळत गेला. बांधकामाची जबाबदारी असलेल्या दालस्पेत्सस्त्रोय या सरकारी कंपनीच्या माजी प्रमुखाला २०१८ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली. इतरही अनेकजण तुरुंगात गेले. तरीही नोव्हेंबर २०१९ मध्ये खुद्द पुतिन यांनाच भर बैठकीत चोरी थांबत नसल्याचा संताप व्यक्त करावा लागला. क्रेमलिनच्या प्रवक्त्यांनी आकडाही दिला: ९१ अब्ज रूबलपैकी सुमारे ११ अब्ज चोरीला गेले आणि त्यातले जेमतेम साडेतीन अब्ज परत मिळाले.

बांधकामातली ही लूट निदान डोळ्यांना दिसते. यंत्राच्या आत शिरलेली लबाडी दिसत नाही. २०१७ मध्ये रशियाच्या व्होरोनेझ इथल्या कारखान्यातली प्रोटॉन रॉकेटची इंजिनं परत मागवावी लागली. ठरलेल्या मौल्यवान मिश्रधातूऐवजी कमी दर्जाचा मिश्रधातू त्यांत वापरला गेल्याचं उघड झालं होतं. कारखान्याच्या प्रमुखाला पद सोडावं लागलं.

हे रशियातच घडतं असं मानण्याचं कारण नाही. २४ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेच्या नासाने वातावरणातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा ओसीओ हा उपग्रह टॉरस एक्सएल रॉकेटवरून सोडला. उपग्रहाभोवतीचं उष्णतारोधक कवच रॉकेटपासून सुटलंच नाही. त्या वजनामुळे पुरेसा वेग मिळाला नाही आणि उपग्रह अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात कोसळला. दोन वर्षांनी, ४ मार्च २०११ रोजी, त्याच जातीच्या रॉकेटवरून निघालेल्या ग्लोरी उपग्रहाचं नेमकं तेच झालं.

हे कवच सुटण्यासाठी ॲल्युमिनियमचा सांधा एका आखीव रेषेवर फुटावा लागतो. त्यासाठी धातूची ताकद ठरवून दिलेल्या मर्यादेतच हवी. नासाच्या तपासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये जाहीर झाले. ओरेगॉन राज्यातल्या सापा प्रोफाइल्स या कंपनीने १९ वर्षं धातूच्या चाचण्यांचे आकडे बदलून खोटी प्रमाणपत्रं दिली होती. उत्पादन वाढलं की बोनस वाढत होता, हे त्यामागचं एक कारण. दोन मोहिमांत मिळून ७० कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं आणि कंपनीने ४.६ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. हवामानशास्त्राची गेलेली वर्षं मात्र कोणीच भरून देऊ शकलं नाही. ओसीओची जागा घेणारा उपग्रह २०१४ मध्ये कक्षेत गेला.

रस्त्याच्या कामात डांबर कमी पडलं तर पहिल्या पावसात खड्डे पडतात आणि पुढच्या वर्षी नवं टेंडर निघतं. रॉकेटला दुसरी संधी नसते.

या साऱ्याचा भारताशी थेट संबंध आहे, कारण भारतीय अंतराळक्षेत्र सध्या आपल्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या बदलातून जात आहे. जून २०२० मध्ये सरकारने हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं केलं. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी स्कायरूट या खासगी कंपनीचं विक्रम-एस रॉकेट श्रीहरिकोटाहून झेपावलं. पीएसएलव्हीसारखं भरवशाचं रॉकेट आता एचएएल आणि एल अँड टी मिळून बांधत आहेत. विक्रोळीच्या गोदरेजमध्ये रॉकेटची इंजिनं आणि वालचंदनगरमध्ये रॉकेट मोटर्सची आवरणं अनेक वर्षांपासून तयार होतात, म्हणजे महाराष्ट्राला या उद्योगाची ओळख नवी नाही. हा बदल स्वागतार्हच आहे. प्रश्न त्यावर देखरेख कोण करणार, हा आहे.

आज उद्योगांना परवानगी देणारी इन-स्पेस, व्यापार करणारी एनएसआयएल आणि रॉकेट विकसित करणारी इस्रो या तिन्ही संस्था अंतराळ खात्याच्याच छताखाली आहेत. एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने अंतराळ धोरण मंजूर केलं. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. अंतराळविषयक कायद्याचा मसुदा २०१७ मध्ये लोकांसमोर ठेवला गेला, तो अजून संसदेच्या मंजुरीपर्यंत पोहोचलेला नाही. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय अंतराळ करारानुसार खासगी कंपनीच्या अंतराळातल्या कृतींसाठीही त्या देशाचं सरकारच जबाबदार असतं. म्हणून देशाचा स्वतःचा अंतराळ कायदा लागतो; जपानने तो २०१६ मध्येच केला.

एकाच हाती सगळे अधिकार एकवटले की काय होतं, याचा अनुभव भारताने घेतला आहे. जानेवारी २००५ मध्ये इस्रोची व्यापारी कंपनी अँट्रिक्स आणि देवास मल्टिमीडिया यांच्यात करार झाला. दोन उपग्रहांची बहुतांश क्षमता आणि एस-बँडच्या मौल्यवान लहरी एका खासगी कंपनीला जाणार होत्या. इस्रोचे अध्यक्ष, अंतराळ खात्याचे सचिव, अंतराळ आयोगाचे अध्यक्ष आणि अँट्रिक्सचे अध्यक्ष त्या वेळी एकच व्यक्ती होती. पहिल्या उपग्रहाच्या मंजुरीसाठी मंत्रिमंडळापुढे गेलेल्या टिपणात या कराराचा उल्लेखच नव्हता, असे ताशेरे महालेखापालांनी पुढे ओढले. २०११ मध्ये करार रद्द झाला. आंतरराष्ट्रीय लवादाने २०१५ मध्ये अँट्रिक्सला ५६ कोटी डॉलरहून अधिक भरपाई द्यायला सांगितलं, तर जानेवारी २०२२ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने देवासचा पाया फसवणुकीचा असल्याचा निर्वाळा दिला. अमेरिकेतल्या न्यायालयांत ही लढाई २०२५ मध्येही चालूच होती. जो प्रश्न २००५ मध्ये टेबलावर मांडून सुटला असता, तो दोन दशकं देशाची शक्ती खात राहिला.

चौकशीची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. ३० नोव्हेंबर १९९४ रोजी इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली केरळ पोलिसांनी अटक केली. दीड वर्षात सीबीआयने आरोपांत तथ्य नसल्याचं सांगितलं, पण सर्वोच्च न्यायालयाने ५० लाखांची भरपाई द्यायला २०१८ साल उजाडलं. ज्या रॉकेट तंत्रज्ञानासाठी या माणसाने आयुष्य वेचलं, त्यातून त्याला असं बाहेर फेकण्यात आलं. म्हणून चौकशीची व्यवस्था कडक हवी, तशीच ती स्वतंत्र आणि पुराव्यावर चालणारीही हवी.

इस्रोची प्रतिमा स्वच्छ आहे, चांद्रयान-३ सारखी मोहीम तिने सुमारे ६१५ कोटी रुपयांत फत्ते केली, मग कायद्याचा आग्रह कशाला, असा युक्तिवाद होतो. इस्रोच्या कामसंस्कृतीविषयीचा अभिमान योग्यच आहे. विक्रम साराभाई, सतीश धवन, वसंत गोवारीकर यांच्यासारख्यांनी ती घडवली. पण ती संस्कृती एका सरकारी संस्थेची आहे. उद्या शेकडो पुरवठादार, परदेशी भागभांडवल आणि स्पर्धेतली घाई या क्षेत्रात येईल, तेव्हा चांगल्या माणसांच्या भरवशावर व्यवस्था सोडता येणार नाही.

कायद्यात चार गोष्टी तरी असायला हव्यात. नियामक अंतराळ खात्यापासून वेगळा असावा. पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर विसंबून न राहता महत्त्वाच्या धातूंची आणि सुट्या भागांची तपासणी स्वतंत्र प्रयोगशाळेत व्हावी. मे २०२५ मधल्या पीएसएलव्ही-सी६१ उड्डाणासारख्या अपयशाचा चौकशी अहवाल, सुरक्षेशी संबंधित भाग वगळून, ठरावीक मुदतीत जाहीर करण्याचं बंधन असावं. आणि गैरप्रकार उघड करणाऱ्या अभियंत्याला किंवा कामगाराला संरक्षण मिळावं.

गगनयान मोहिमेत भारतीय अंतराळवीर भारतीय रॉकेटवर बसणार आहेत. त्या यानातल्या प्रत्येक वेल्डिंगच्या आणि प्रत्येक चाचणीच्या कागदावर त्यांचा जीव अवलंबून असेल. ते उड्डाण होण्यापूर्वी संसदेने अंतराळ कायदा मंजूर करावा, आणि महाराष्ट्रातल्या खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून ही मागणी सभागृहात लावून धरावी.