‘एरिया फीजिबल नाही’ हे कारण होऊ शकत नाही

घर बदलल्यावर वीज आणि गॅससोबत आता इंटरनेटही लागतं. पण आपल्या वस्तीत ते मागायला गेलं की आधी पिनकोड विचारला जातो आणि मग एक ठरलेलं वाक्य ऐकायला मिळतं: ‘सर, तुमच्या एरियात फीजिबल नाही.’

ठाण्यातून मुंब्र्याला राहायला आल्यावर मीही तेच ऐकलं. जुनं ब्रॉडबँड कनेक्शन नव्या पत्त्यावर हलवून हवं होतं. बिल कधी थकलेलं नव्हतं. कारण विचारलं तर ‘सिस्टीम घेत नाही’. लेखी द्या म्हटलं तर फोन बंद.

काही मित्र म्हणतात, कंपनी धंदा बघते, धर्म नाही. असेलही. मग कारण सांगायला काय हरकत आहे? बॉक्समध्ये पोर्ट शिल्लक नसेल, सोसायटीने केबल टाकायला परवानगी दिली नसेल, तर तसं सांगा. पोर्ट वाढवता येतात, परवानगी मिळवता येते. ‘एरिया’ मात्र दुरुस्त करता येत नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर हजारो कुटुंबं मुंब्र्यात आली, ती हौसेने नाही. आजही दुसरीकडे भाड्याचं घर मागताना नाव ऐकून नकार मिळतो. आधी घर नाकारून इथे पाठवायचं आणि मग इथे राहता म्हणून सेवा नाकारायची, हा कुठला न्याय?

हे नवीनही नाही. काही बँका ठरावीक भाग ‘निगेटिव्ह’ ठरवून तिथे सहजासहजी कर्ज देत नाहीत, हे सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवलं आहे. तेव्हा कर्ज अडलं, आता वायर अडते. नुकसान तेच. बहिणीचं वर्क फ्रॉम होम आणि भावाचा एमपीएससीचा ऑनलाइन क्लास मोबाईलच्या रोजच्या दोन जीबीत बसत नाही.

इंटरनेट ही कुणाची मेहेरबानी नाही. फहीमा शिरीन या विद्यार्थिनीच्या खटल्यात केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये इंटरनेट वापरण्याचा हक्क शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानला. कंपन्या सरकारी परवान्यावर चालतात. आपल्या सेवाक्षेत्रात कुठेही, कुणाचीही मागणी भेदभाव न करता नोंदवायची, अशी अट दूरसंचार विभागाच्या युनिफाइड लायसन्समध्ये आहे.

पण अट कागदावर असून भागत नाही. आपण काय करतो? हॉटस्पॉटवर भागवतो, नाहीतर मिळेल त्या केबलवाल्याला सांगेल ती रक्कम देतो आणि ‘अपने एरिया में ऐसा ही है’ म्हणून गप्प बसतो. या गप्प बसण्यामुळे नकाराची कुठेच नोंद होत नाही आणि उद्या ‘तिथून मागणीच नव्हती’ असं म्हणायला ते मोकळे राहतात.

म्हणून फोनवरचा नकार मान्य करू नका. अर्ज ईमेलने करा आणि कारण लेखी मागा. शिफ्टिंग नाकारलं तर तक्रार नोंदवून डॉकेट नंबर घ्या, मग कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा. तिथेही दाद मिळाली नाही तर दूरसंचार विभागाच्या तक्रार पोर्टलवर लिहा. एकट्याने नको, बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी मिळून लिहा. एका घराचा नकार ‘टेक्निकल’ म्हणून खपवता येतो, पण एकाच गल्लीतले चाळीस लेखी नकार खपवणं अवघड जाईल.